ठराव आणि काडी

आमच्या जिनिंगवर एक मामा आहेत. माळकरी माणूस. तीन एकर कोरडवाहू, त्यात भागत नाही म्हणून सीझनला गठाणी बांधायला येतात. डबा खाताना आम्ही एकमेकांची भाजी घेतो. हे आधीच सांगतो, नाहीतर वाचणाऱ्याला वाटंल मी दुश्मनाचं गाऱ्हाणं लिहायलोय. परभणीचं प्रकरण झालं त्या डिसेंबरात, म्हणजे २०२४ च्या, मामानं मला विचारलं, "आता लोकशाही हाय ना रे? आमच्यावानीच एक मत तुलाबी हाय. मंग ही दगडं कामून?"

प्रश्नात खोच नव्हती. म्हणूनच उत्तर देता आलं नाही. खोच असती तर तयार उत्तरं आपल्याजवळ खंडीभर आहेत, भाषणात वापरून वापरून गुळगुळीत झालेली. मी म्हणालो, "मामा, नंतर सांगतो." त्याला बरेच दिवस झाले. हे लिहायलोय ते त्या उधारीपायी.

मामाच्या प्रश्नाच्या पोटात एक समजूत आहे. मतपेटी आली की लाठी संपली. त्यानंतरही लाठी दिसली तर कुणीतरी खोडी काढली असणार. मीही दहावीपर्यंत हेच शिकलो. शाळा सुटली आणि पुढचं जे काही वाचलं ते चौदा एप्रिल, सहा डिसेंबरच्या स्टॉलवरून उचललेल्या पुस्तकांतून. वाचता वाचता आणि घरच्या बुढीचं ऐकता ऐकता मला वाटायला लागलं की आमच्या मराठवाड्यात एकाच वेळी दोन राज्यं चालू आहेत. एक ठरावाचं आहे, एक काडीचं. ठराव मुंबईत होतो. काडी गावात असते, चुलीपाशी, खिशात, सगळ्यांना माहीत असलेल्या जागी.

२७ जुलै १९७८. महाराष्ट्राच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव एकमतानं केला. एकमतानं हा शब्द दोनदा वाचा दोस्तहो. शरद पवार मुख्यमंत्री होऊन नऊ-दहा दिवस झाले होते. लोकशाहीत याच्यापेक्षा मोठा होकार कसा असतो ते मला माहीत नाही. आणि तो होकार रेडिओवर ऐकून मराठवाडा पेटला. आधी शहरं. बंद, मोर्चे, एस.टी.च्या काचा, रेल्वे. ऑगस्ट लागला तसं ते लोण खेड्यात उतरलं. तेव्हाचे पाच जिल्हे, औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड, उस्मानाबाद. हजारावर खेड्यांना झळ पोचली. रस्ते अडवले, तारा तोडल्या, म्हणजे पोलीस लवकर पोचू नयेत. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीचे पोचिराम कांबळे ४ ऑगस्टला मारले गेले. ते मातंग होते. जय भीम म्हणत होते. विद्यापीठाच्या पाटीशी त्यांचा काय संबंध होता? शेतात राबणारा माणूस, पदवी घ्यायला थोडाच जाणार होता?

वर्तमानपत्रांनी याला नाव दिलं मराठवाड्यातली दंगल. हा शब्द मला खटकतो. दंगल म्हटलं की आखाडा येतो, दोन पैलवान येतात, दोघांच्या अंगाला माती. हजार घरांच्या गावानं वीस घरांच्या वस्तीवर जाऊन काडी लावली तर ती दंगल कशी? तिसऱ्या दिवशी तेच वर्तमानपत्र छापतं, गावात तणावपूर्ण शांतता. म्हणजे काय, तर वस्ती रिकामी झालेली असते आणि रडायला गावात कुणी उरलेलं नसतं.

माझी आजी नांदेडकडची. त्या साली ती लेकुरवाळी होती. तिच्या वस्तीतली माणसं ओढ्याकाठी केकताडाच्या आडोशाला रात्रभर बसली. पोरांच्या तोंडावर पदर दाबून. ती सांगते त्यात मला एकच गोष्ट झोपू देत नाही. ज्यानं तिच्या झोपडीला काडी लावली त्याला ती नावानं ओळखत होती, त्याच्याच रानात खुरपायला जायची. दावणीला शेळी बांधलेली होती. "त्यानं आधी शेळी सोडली बाबा," आजी म्हणते. "मुकं जनावर मरंल, म्हन्ला. मंग काडी लावली."

मी लहानपणी हे ऐकून म्हणायचो, म्हणजे तो माणूस तितका वाईट नव्हता. आता उलट वाटतं. रागानं आंधळा झालेला माणूस शेळी सोडत नाही. ज्याला शेळी दिसते त्याला सगळं नीट दिसतं. तो चवताळून आलेला नव्हता, काम करायला आला होता. शिक्षा बजावायला. चपराशी जप्तीला येतो, तेव्हा यादीत नसलेली वस्तू बाजूला ठेवतो ना, तसा. शेळी त्याच्या यादीत नव्हती. झोपडी होती, धान्याची कणगी होती, भिंतीवरचा बाबासाहेबांचा फोटो होता.

म्हणून मला पटत नाही की लोकशाहीत अशी हिंसा म्हणजे लोकांचा तोल जाणं. तोल गेलेला नसतो. उलट गाव आपला जुना तोल परत जागेवर आणत असतं. गावाचं स्वतःचं एक संविधान होतं, कधीच न लिहिलेलं. येसकरानं कुठं उभं राहायचं, निरोप कसा सांगायचा, मेलेलं ढोर कुणी ओढायचं, जोहार कुणी कुणाला घालायचा, सगळी कलमं ठरलेली. मोडलं तर शिक्षाही ठरलेली. आधी दुकान बंद, मग चक्की बंद, मग काम बंद, मग पाणी, मग वाट. सगळ्यात शेवटी काडी. इंग्रज अधिकाऱ्यांनी या गावांना छोटी प्रजासत्ताकं म्हणून गौरवलं आणि आपल्याकडच्या शिकलेल्यांनी ते डोक्यावर घेतलं. बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत उभं राहून हे गाव नाकारलं आणि घटनेचा घटक व्यक्ती ठरवला. आमच्या किती पोरांना ठाऊक आहे की त्या एका निर्णयानं गावाचं राज्य कागदावरून गेलं? कागदावरून, असं म्हणतो मी.

कागद आणि गाव यांच्यातलं हे भांडण १९७८ चं नाही. महाडचं बघा. सीताराम केशव बोले यांनी मुंबईच्या कायदेमंडळात ४ ऑगस्ट १९२३ ला ठराव मांडून मंजूर करून घेतला की सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना मोकळे. महाडच्या नगरपालिकेनंही पुढं तसाच ठराव केला. कुणी डोकं फोडलं नाही. चार वर्षं ठराव सुखात पडून होता. मग २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आणि हजारो माणसं चवदार तळ्यावर गेली, ओंजळभर पाणी प्याली, आणि त्याच दिवशी परिषदेला आलेल्या, जेवत असलेल्या, गावाकडं परतणाऱ्या माणसांवर लाठ्या पडल्या. ठरावानं कुणाचं काही बिघडलं नव्हतं. कुणीतरी तो खरा मानला, तिथं बिघडलं. ४ ऑगस्टची तारीख पुन्हा पोचिराम कांबळ्यांच्या मरणाला यावी हा योगायोग आहे, मी त्यातून काही काढत नाही, पण नजरेतून सुटतही नाही.

आमच्या निजामी मुलखात या सवयीवर आणखी एक थर चढला. त्याबद्दल आपली माणसंही बोलत नाहीत. १३ ते १७ सप्टेंबर १९४८, पोलीस ॲक्शन. रझाकारांनी त्याआधी गावं लुटली, माणसं मारली, ते खरं आहे आणि त्यांच्याविरुद्ध लढलेल्यांना माझा सलाम आहे. पण फौज आली आणि पुढच्या दिवसांत गावोगाव ज्या मुसलमानांच्या गळ्यावर सुरी फिरली ते काही सगळे रझाकार नव्हते. पंडित सुंदरलाल यांची समिती त्याच वर्षाच्या अखेरीस फिरली. तिनं संस्थानभरातल्या मेलेल्यांचा आकडा कमीत कमी २७ ते ४० हजार धरला. सगळ्यात होरपळलेल्या चार जिल्ह्यांत नांदेड आणि उस्मानाबाद होते, शेजारचे बीदर आणि गुलबर्गा होते. अहवाल कित्येक वर्षं दाबून ठेवला. म्हणजे आमच्याकडं स्वातंत्र्य आलं ते हे शिकवत आलं की मोठ्या जमावानं केलेल्या गोष्टीला कुणी विचारत नाही. आजीच्या गावात ज्या पोरांनी कणग्या जाळल्या त्यांचे बाप तेव्हा तरणे होते. त्यांनी काय पाहिलं असेल, घरात काय सांगितलं असेल?

जिनिंगवर काम करणाऱ्याला हे लवकर समजतं. रोलरजवळ ठिणगी उडते, रुईत जाते, गठाणीत बांधली जाते. बाहेरून गठाण पांढरी शुभ्र. आत दिवसेंदिवस धुमसत राहते, आणि पेटते कुठं तर भलत्याच गावच्या गोदामात. तिथला हमाल म्हणतो, इथं तर कुणी बिडीबी वढली न्हाई.

नामांतराला विरोध करणाऱ्यांत निजामाविरुद्ध आयुष्य घातलेली माणसं होती. गोविंदभाई श्रॉफ, अनंत भालेराव. त्यांनी कुणाच्या झोपडीला काडी लावा म्हटलं नव्हतं, ते मी म्हणणारही नाही. त्यांचा शब्द होता मराठवाड्याची अस्मिता. पण त्या मराठवाड्यात माझी आजी होती की नव्हती? १९५० साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं औरंगाबादेत कॉलेज काढलं, पुढं त्याचं मिलिंद झालं, तेव्हा विद्यापीठ जन्मायला आठ वर्षं होती. मराठवाड्याला शिकवणाऱ्याचं नाव मराठवाड्याला परकं कसं? आणि आता बघा, अलीकडच्या वर्षांत औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, उस्मानाबादचं धाराशिव झालं. ज्यांना पटलं नाही ते कोर्टात गेले, उपोषणाला बसले. नाव बदललं म्हणून कुणाची झोपडी पेटली नाही. पाट्या बदलल्या, एस.टी.चे बोर्ड बदलले. म्हणजे नाव बदलल्यानं अस्मिता जळत नाही. कुणाचं नाव लागतं यावर ते आहे.

आता जो भाग मला सगळ्यात जास्त बोचतो तो. जाळपोळ झाली आणि सरकारनं ठराव बासनात बांधला. १९७९ ला जोगेंद्र कवाडे सरांचा लाँग मार्च नागपूरहून निघाला, लोक लाठ्या खात, अटक होत गेले. वर्षामागून वर्ष सत्याग्रह झाले. त्यात आपल्या बाहेरचीही माणसं तुरुंगात गेली, बाबा आढावांसारखी, हे विसरू नये. शेवटी १४ जानेवारी १९९४ ला नाव आलं, तेही मराठवाडा शब्द मध्ये ठेवून, आणि त्याला नाव दिलं नामविस्तार. साडेपंधरा वर्षं. एकमतानं झालेला ठराव अमलात आणा असं म्हणणारे या काळात भडकवणारे ठरले. ठराव काडीनं अडवणारे झाले जनभावना. काडीचा उपयोग होतो, हे सरकारनंच लिहून दिलं. पावतीच ती. पुढं ज्या ज्या गावात राखीव जागेवर आपला सरपंच झाला आणि त्याला झेंड्याच्या खांबापासून लांब ठेवलं गेलं, ज्या ज्या गायरानावरचं उभं पीक कापून नेलं, तिथं तिथं ती पावती चालली.

हे फक्त आपल्याच नशिबाला आलेलं नाही. अमेरिकेत यादवी युद्धानंतर गुलामगिरी गेली, काळ्या माणसांना मताचा हक्क घटनेत लिहून मिळाला. ते निवडून येऊ लागले. १० नोव्हेंबर १८९८ ला नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या विल्मिंग्टन शहरात हत्यारबंद गोऱ्यांच्या जमावानं काळ्या माणसांना मारलं, त्यांच्या वर्तमानपत्राची कचेरी जाळली आणि निवडून आलेलं नगरशासन त्याच दिवशी उलथून टाकलं. केंद्र सरकारनं हात हलवला नाही. कित्येक दशकं त्यालाही दंगलच म्हणत होते. १९७२ ला मुंबईत पँथर हे नाव घेणाऱ्या आपल्या पोरांना ही नातेसंबंधाची ओळख होती. आज पोस्टर छापणाऱ्यांना आहे का, शंका आहे.

इथपर्यंत मामाला सांगणं सोपं आहे. मामा कदाचित मानही डोलावतील. पण त्यांनी विचारलं होतं दगडाबद्दल. आपल्या दगडाबद्दल. तिथं मला आडवं येतं ते बाबासाहेबांचं २५ नोव्हेंबर १९४९ चं भाषण. घटना समितीत ते म्हणाले की रक्तपाताचा मार्ग सोडा, आणि एवढंच नाही, असहकार, कायदेभंग, सत्याग्रहही सोडा, घटनात्मक मार्ग मोकळे असताना त्यांना समर्थन नाही. हे कोण म्हणतंय? ज्यानं महाडला आणि काळारामाला सत्याग्रह केला तो माणूस. आपल्या चर्चेत हे भाषण निघालं की दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, झालं, बाबासाहेबांनी सांगितलंय, निवेदन द्या आणि घरी या. दुसरा म्हणतो, ते १९४९ चं झालं, सोडा. दोघांनीही वाक्य अर्धं वाचलेलं असतं. मार्ग मोकळे असताना, अशी अट आहे त्यात. आणि त्याच भाषणात पुढं आहे की राजकारणात समता आणि समाजात विषमता हा विरोध लवकर मिटवला नाही तर विषमतेनं पोळलेली माणसं लोकशाहीचा हा डोलारा उडवून देतील. ती धमकी नव्हती. हिशेब मांडून दाखवला होता.

मग मार्ग मोकळे आहेत का? माझं प्रामाणिक उत्तर, आहेत, पण बोळाएवढे. बहिष्कारविरोधी कायदा महाराष्ट्रानं २०१६ ला केला. ॲट्रॉसिटी कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीनं बहिष्कार गुन्हा ठरला. फिर्याद द्यायला गेलेल्या माणसाला ठाण्याच्या बाकावर किती तास बसवतात ते कायद्यात नाही. तरीही त्या बोळातूनच जायचं असं मी म्हणतो, आणि त्याचं एक कारण लाजिरवाणं आहे. काडीच्या राज्यात आपण दर वेळी हरतो. प्रत्येक गावात आपण थोडे. ठरावाच्या राज्यात निदान कधीतरी जिंकतो, सोळा वर्षं लागली तरी.

पण हे कारण पुरं पडत नाही. हे फक्त अशक्ताचं कारण झालं. उद्या आपण जास्त झालो तर? तर काडी चालेल?

याचं उत्तर मला पुस्तकात सापडलं नाही, एका चौकात सापडलं. काही वर्षांपूर्वी एक बंद होता. कशासाठी ते इथं महत्त्वाचं नाही, कारण खरं होतं आणि राग खरा होता. आम्ही चाळीस-पन्नास पोरं फिरत होतो, दुकानं बंद करत. एका पंक्चरवाल्याच्या टपरीची काच अर्धी उघडी होती. तो म्हणत होता, "बंद करायलो भाऊ, एकच ट्यूब राहिली." आमच्यातल्या कुणीतरी दगड मारला. मी मारला नाही. माझ्या हातात होता पण मी मारला नाही, आणि ही माझी बढाई नाही, कारण मी दुसऱ्याचा हातही धरला नाही. काच फुटली. तो माणूस खाली बसून काचा वेचायला लागला. वर बघितलं नाही त्यानं. त्याच्या बसण्यात मला माझी आजी दिसली असं लिहिलं तर खोटं ठरंल, तेव्हा मला काही दिसलं नाही, आम्ही घोषणा देत पुढं गेलो. रात्री झोप येईना तेव्हा दिसलं.

त्या चौकात त्या दहा मिनिटांत आपण बहुमत होतो. जनगणनेत आपण किती टक्के हे त्या माणसाला काय करायचं होतं? त्याच्यापुढं पन्नास होते आणि तो एकटा होता. काडी आपल्या हातात होती. आणि आपणही नेमकं तेच केलं, जो त्या कुठल्याच गुन्ह्यात नव्हता त्याच्याकडून वसूल केलं, कारण तो हाताशी होता. पुढच्या आठवड्यात आम्ही चौघांनी पैसे जमवून काच बसवून दिली. त्यावरून आमच्यात भांडण झालं. एक दोस्त म्हणाला, "१९७८ ची काच कुणी बसवून दिली आपल्याला?" त्याला उत्तर देता आलं नाही. पैसे मात्र दिले.

म्हणून हे दोन्ही सारखं आहे असं कुणी माझ्या तोंडी घालू नये. सारखं नाही. १० डिसेंबर २०२४ ला परभणीत रेल्वे स्टेशनपाशी बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची मोडतोड झाली. दुसऱ्या दिवशीच्या बंदात दगडफेक झाली, जाळपोळ झाली, त्यात किती पंक्चरवाल्यांच्या काचा गेल्या असतील, मला वाईट वाटतं. पण त्यानंतर वस्त्यांतून धरपकड झाली, आणि सोमनाथ सूर्यवंशी, कायद्याचा विद्यार्थी, १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना गेला. शवविच्छेदनाच्या प्राथमिक अहवालात अनेक जखमांचा उल्लेख होता. गुन्हा नोंदवायला उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला जुलै २०२५ मध्ये सांगावं लागलं, आणि राज्य सरकार त्याच्या विरोधात सर्वोच्च न्यायालयात गेलं, तिथंही हरलं. काच आणि माणूस एका तागडीत घालता येत नाहीत. जमावाची काडी वाईटच, पण ठरावाच्या राज्यानं स्वतःच काडीचं काम करायला घ्यावं याच्याइतकं वाईट मला काही सुचत नाही. गावानं मारलं तर कोर्टात जाता येतं. ज्याच्या ताब्यात कायद्यानं दिलं तिथंच माणूस मेला तर कुठं जायचं? आणि तरी त्याची आई कोर्टातच गेली.

एक गोष्ट आणखी, जपून लिहितो. २५ नोव्हेंबर १९९३ ला नांदेडला गौतम वाघमारे यांनी नामांतरासाठी स्वतःला जाळून घेतलं. बरोबर दोन महिन्यांच्या आत नाव आलं. त्यांच्यापुढं मी वाकतो. पण वस्तीतल्या पोरांना मी ही गोष्ट आदर्श म्हणून सांगत नाही. काडी शेवटी आपल्याच अंगाला लागली ना. ज्या सरकारला जळणारी माणसंच दिसतात, त्याला दिसावं म्हणून आपण जळायचं हे मला मान्य नाही. काहींना हे वाचून राग येईल. यावा.

'बुद्ध आणि त्याचा धम्म' यात बाबासाहेबांनी सिद्धार्थाच्या गृहत्यागाची कथा वेगळी सांगितली आहे. म्हातारा, आजारी, प्रेत बघून तो निघत नाही. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलियांचं भांडण असतं. शाक्यांचा संघ भरतो, सेनापती युद्धाचा ठराव मांडतो. सिद्धार्थ म्हणतो, दोन माणसं त्यांची, दोन आपली, त्यांनी पाचवा निवडावा आणि तोडगा काढावा. मतं पडतात. सिद्धार्थ प्रचंड बहुमतानं हरतो. दुसऱ्या दिवशी सैन्यभरतीचा ठराव येतो, तो म्हणतो, मी येणार नाही. तेव्हा सेनापती त्याला कशाची भीती घालतो? तुझ्या घरावर बहिष्कार घालू आणि जमीन काढून घेऊ, म्हणतो. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बसलो. पाणी, बहुमताचा ठराव, बहिष्कार, जमीन. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या गोष्टीत बाबासाहेबांनी आपलं गाव बसवलं होतं. आणि सिद्धार्थानं काय केलं? ठराव रीतसर झाला हे त्यानं नाकारलं नाही. संघ मोडला नाही, सेनापतीच्या घराला काडी लावली नाही. हात मात्र दिला नाही. शिक्षा मला एकट्याला द्या म्हणाला, घरच्यांना नको, आणि परिव्रजा घेऊन निघाला.

त्याच ग्रंथात बाबासाहेब म्हणतात की मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज असा भेद बुद्धाला करायचा होता. घर वाचवायला दारात काठी घेऊन उभा राहिलेला बाप आणि एकट्या टपरीवर दगड मारणारा पोरगा यांच्यात मी तिथं रेघ मारतो. महाडला बाबासाहेबांबरोबर पलटणीतून आलेली माणसं होती, हुकूम द्या म्हणत होती. एका शब्दात गाव उलटं झालं असतं. तो शब्द त्यांनी दिला नाही, खटला भरला, आणि मारणाऱ्यांतल्या काहींना सक्तमजुरी लागली. मारता येत असताना न मारणं आणि मारता येत नाही म्हणून न मारणं, यांतलं पहिलं आपल्याला जमतं का ते त्या पंक्चरच्या चौकात कळलं असतं. आम्हाला जमलं नाही.

मामांना मी एवढंच सांगणार आहे की मामा, मत एकच आहे खरं, तुमच्याइतकंच. पण ते मत टाकून घरी आल्यावर तुमच्या घराकडं कुणी बघत नाही, आमच्या घराकडं बघतात. आमच्या दगडाचं उत्तर आम्ही देऊ, त्यातला एक मी वर लिहिला. तुमच्या गावच्या काडीचं कोण देणार, तेवढं मात्र तुम्ही तुमच्या चावडीवर विचारा. ते लिहायला-वाचायला फारसे नाहीत. अंक निघाला की डब्याच्या सुट्टीत मी त्यांना हे वाचून दाखवणार आहे. ते काय म्हणतात ते पुढच्या अंकात, त्यांच्याच बोलीत, एक अक्षर न बदलता.